बुत्रोस बुत्रोस-घाली : चौदा विरुद्ध एक

नाईलकाठ

१९ नोव्हेंबर १९९६. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बंद दाराआडची बैठक. ठरावात एकच नाव: इजिप्तचे बुत्रोस बुत्रोस-घाली, सरचिटणीसपदाची दुसरी पाच वर्षं. पंधरापैकी चौदा मतं बाजूने, एक विरुद्ध. ते एक मत अमेरिकेचं, म्हणजेच नकाराधिकार. ठराव पडला.

घालींचा विषय निघाला की आपली गाडी या एका मतावर येऊन अडते. "अमेरिकेला नको होते, गेले." चूक नाही, पण एवढ्याने माणूस कळत नाही. या माणसाकडे कधी फौज नव्हती, पैसा नव्हता, घरच्या राजकारणात स्वतःचा मतदारही नव्हता. होता तो कागद. करारातलं कलम, अहवालातला परिच्छेद, मसुद्यातला एखादा शब्द. त्या जोरावर ते चढले आणि शेवटी पाय घसरला तोही एका अहवालावरून. धागा त्यासाठी काढलाय.

आधी जुजबी माहिती. जन्म कैरो, १४ नोव्हेंबर १९२२. कॉप्टिक म्हणजे इजिप्तमधले मूळचे ख्रिस्ती, बडं जमीनदार घराणं. आजोबा बुत्रोस घाली पाशा पंतप्रधान होते, काका वासिफ परराष्ट्रमंत्री. १९४६ ला कैरोतून कायद्याची पदवी, १९४९ ला पॅरिसहून आंतरराष्ट्रीय कायद्यात डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय प्रादेशिक संघटना. हा पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा. मग कैरो विद्यापीठात जवळजवळ तीन दशकं प्राध्यापकी. अल-अहराम या दैनिकाच्या छायेत दोन नियतकालिकं उभी केली: १९६० ला 'अल-अहराम अल-इक्तिसादी' आणि १९६५ ला 'अल-सियासा अल-दौलिया'. दुसरं म्हणजे शब्दशः 'आंतरराष्ट्रीय राजकारण'.

ऑक्टोबर १९७७ ला इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी मंत्रिमंडळात घेतलं. तीन आठवडे होतात न होतात तोच सादात शत्रू इस्रायलशी बोलायला जेरुसलेमला निघाले. परराष्ट्रमंत्री इस्माईल फहमी यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ परराष्ट्र राज्यमंत्री मोहम्मद रियाद यांनीही. एका दिवसात दोन खुर्च्या रिकाम्या. परराष्ट्र खात्याचा कारभार आला या प्राध्यापकांकडे, आणि सादात यांच्याबरोबर विमानात तेच बसले. विमान उतरलं ती तारीखही १९ नोव्हेंबरच, १९७७. बरोबर एकोणीस वर्षांचा फरक. योगायोग आहे, त्यातून अर्थ काढू नका.

ज्यांना करार, आफ्रिका, पैशाचा भाग नीट माहीत आहे त्यांनी भर घालावी. रवांडावर वाद होणार हे गृहीत धरलंय.

मोडीवाचक

आजोबांबद्दल चार ओळी, कारण नातवाच्या मागे ती सावली कायम होती.

बुत्रोस घाली पाशा १९०८ ते १९१० पंतप्रधान. २० फेब्रुवारी १९१० ला इब्राहीम अल-वर्दानी या तरुण राष्ट्रवादी औषधविक्रेत्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्यावरचा राग तीन गोष्टींचा. १८९९ ला सुदानवर ब्रिटिश-इजिप्शियन संयुक्त अंमल आणणाऱ्या करारावर सही त्यांची. १९०६ च्या दिनशावाय खटल्यात, ब्रिटिश अधिकाऱ्यांशी झालेल्या झटापटीवरून, चार गावकऱ्यांना फाशी झाली, त्या खास न्यायालयाचे अध्यक्ष ते. आणि सुएझ कालव्याची सवलत १९६८ ला संपायची होती, ती आणखी ४० वर्षं वाढवून द्यायच्या प्रस्तावाला त्यांचा पाठिंबा.

तिन्ही गोष्टी परक्या सत्तेशी केलेल्या कागदाच्या, हे मूळ मुद्द्याला धरून आहे. १९७७ ला जेरुसलेमला जाताना नातवाच्या डोक्यात हे नसेल असं मानणं कठीण.

सदाफुली

एक शंका. चौदा वर्षं ते 'परराष्ट्र राज्यमंत्री'च का राहिले? पूर्ण मंत्रिपद का नाही?

कलम९७

सदाफुलीताई, लेखी कारण कुणी दिलेलं नाही. पण कैरोत सर्रास बोललं जायचं ते असं: कॉप्ट माणूस, पत्नी लेआ अलेक्झांड्रियातल्या ज्यू घराण्यातली, आणि खातं अरब जगाशी बोलणारं. अशा माणसाला क्रमांक एकची खुर्ची द्यायला ना सादात तयार होते, ना त्यांच्यानंतरचे अध्यक्ष मुबारक.

क्रम पाहा म्हणजे कळेल. फहमी गेले तेव्हा काही आठवडे हंगामी कारभार घालींकडे. मग मोहम्मद इब्राहीम कामेल आले. त्यांनी सप्टेंबर १९७८ ला, अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला इस्रायलशी बोलणी चालू असतानाच, राजीनामा दिला. पुन्हा हंगामी कारभार घालींकडे. मग पंतप्रधान मुस्तफा खलील यांनीच ते खातं घेतलं. त्यानंतर कमाल हसन अली, मग १९८४ पासून एस्मत अब्देल मेगुईद. मे १९९१ ला मेगुईद अरब लीगचे सरचिटणीस झाले तेव्हा जागा मोकळी झाली होती, पण परराष्ट्रमंत्री केलं अम्र मूसा यांना आणि घालींना उपपंतप्रधान. मान मोठा, खातं दुसऱ्याकडे.

याचा फायदाही झाला. वरचे मंत्री बदलत राहिले, फायली ज्याच्या डोक्यात होत्या तो माणूस तिथेच राहिला.

अवांतर: अम्र मूसा १९८० च्या दशकात दिल्लीत इजिप्तचे राजदूत होते, आणि पुढे अरब लीगचे सरचिटणीस झालेले नबील अल-अरबी हेही.

टिपणवही

इजिप्त-इस्रायल करारावर लिहितो, कारण "कॅम्प डेव्हिडला शांतता झाली" असं सगळे म्हणतात आणि तिथेच गडबड होते.

कॅम्प डेव्हिड, ५ ते १७ सप्टेंबर १९७८: तिथे सह्या झाल्या त्या दोन चौकटींवर. एक इजिप्त-इस्रायलसाठी, एक वेस्ट बँक आणि गाझासाठी. प्रत्यक्ष तह २६ मार्च १९७९ चा. मधल्या सहा महिन्यांत खरी रस्सीखेच झाली. ती १२ ऑक्टोबरपासून वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाऊसमध्ये सुरू झाली. इजिप्तकडून संरक्षणमंत्री कमाल हसन अली आणि घाली, इस्रायलकडून परराष्ट्रमंत्री मोशे दायान आणि संरक्षणमंत्री एझर वाइझमन.

अडलं कुठे? सहाव्या कलमावर. इजिप्त १९५० च्या अरब संयुक्त संरक्षण कराराने बांधलेला. उद्या सीरिया आणि इस्रायल यांची जुंपली तर इजिप्तने कुठला कागद पाळायचा? इस्रायलला लेखी हवं होतं की हा तह इतर बंधनांच्या वर. इजिप्तला ते लिहून देणं म्हणजे अरब जगातून स्वतःहून नाव कापून घेणं.

तोडगा कसा काढला ते बघण्यासारखं आहे. सहाव्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात वाक्य ठेवलं: या तहातली बंधनं आणि इतर बंधनं यांच्यात विरोध आला तर या तहातली बंधनं पाळायची. आणि तहाला जोडलेल्या संमत टिपणात लिहिलं: हा तह इतर करारांपेक्षा वरचढ आहे किंवा इतर करार याच्यापेक्षा वरचढ आहेत असा कोणताही दावा यात नाही. वाचायला खुळचट वाटतं. पण इस्रायलने संसदेत कलम दाखवलं, इजिप्तने अरबांना टिपण दाखवलं. दोघांचं भागलं.

दुसरा काटा पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा. इजिप्तला सिनाईतून इस्रायलची माघार आणि स्वायत्तता एकमेकांना बांधून हवी होती. इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांना बिलकूल नको. शेवटी ते तहाच्या अंगात न घालता एका संयुक्त पत्रात गेलं: तह मंजूर झाल्यावर महिनाभरात बोलणी सुरू, वर्षभरात संपवायचं 'उद्दिष्ट'. बंधन नाही, उद्दिष्ट. मे १९८० ला मुदत उलटली, हाती काही नाही. सिनाई मात्र २५ एप्रिल १९८२ ला परत मिळाली, सीमेवरचा 'ताबा' नावाचा तुकडा सोडून. तो १९८८ च्या लवादानंतर, मार्च १९८९ ला.

तहाच्या अंगात काय आहे आणि जोडपत्रात काय आहे, एवढ्यावरून पुढच्या चाळीस वर्षांचा हिशेब लागतो.

रेवदंडा

वाचनखूण साठवली. टिपणवहीसाहेब, सहाव्या कलमाचं पहिल्यांदाच नीट कळलं.

आता याची किंमत. मार्च १९७९ नंतर अरब लीगने इजिप्तला निलंबित केलं, मुख्यालय कैरोतून ट्युनिसला हलवलं. बहुतेक अरब राजधान्यांनी राजदूत परत बोलावले. पुढची धडपड होती ती इतर व्यासपीठांवरून हकालपट्टी होऊ नये याची, आणि ती निस्तरायला पाठवले घाली. सप्टेंबर १९७९, हवाना, अलिप्त राष्ट्रांची परिषद. इजिप्त या चळवळीच्या संस्थापकांपैकी. त्यालाच बाहेर काढायची मागणी. घालींनी तासन् तास किल्ला लढवला आणि निलंबन टळलं. यात आफ्रिकी देशांची मदत मोठी होती.

आफ्रिका हे त्यांचं खरं क्षेत्र. दहा-बारा वर्षं हा माणूस आफ्रिकेतल्या राजधान्यांच्या वाऱ्या करत होता, जिथे इजिप्तचे बाकीचे मंत्री नाइलाजाने जायचे. १९८३ ला नाईल खोऱ्यातल्या देशांचा 'उंदुगु' गट उभा केला; स्वाहिलीत उंदुगु म्हणजे बंधुभाव. कारण सरळ पाण्याचं. १९५९ च्या इजिप्त-सुदान करारात इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५. आपल्या भाषेत इजिप्तचा वाटा सुमारे १,९६० टीएमसी. आणि इजिप्तमध्ये येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरातलं, जो या करारात नाहीच. या भागातलं पुढचं युद्ध पाण्यावरून होईल असं घाली तेव्हापासून सांगत होते. कैरोत ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९९१ ला ही सगळी पायपीट कामी आली.

कलम९७

१९९१ ची सरचिटणीसपदाची निवड. आयडीला जागून लिहितो.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ९७ वं कलम म्हणतं: सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवर आमसभा सरचिटणीस नेमते. बस. मुदत किती, किती वेळा, काहीच नाही. पाच वर्षं आणि एकदा फेरनिवड हा प्रघात आहे, नियम नव्हे. शिफारशीला किमान नऊ मतं हवीत आणि पाच स्थायी सदस्यांपैकी कुणाचाही नकार नको. औपचारिक मतदानाआधी चाचपणीच्या फेऱ्या होतात: प्रत्येक नावापुढे 'उत्तेजन', 'नाउमेद', 'मत नाही' यांपैकी एक. पुढच्या फेऱ्यांत स्थायी सदस्यांना वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या, म्हणजे नकाराधिकार वाजणार का ते आधीच कळावं.

१९९१ ला आफ्रिकेने "या वेळी आमचा माणूस" असा धोशा लावला होता. नावांमध्ये झिंबाब्वेचे अर्थमंत्री बर्नार्ड चिडझेरो आणि नायजेरियाचे ओबासांजो होते. घालींची बाजू: अरबी, फ्रेंच, इंग्रजी तिन्ही भाषा अस्खलित, फ्रान्स ठाम पाठीशी, एकाच वेळी अरब आणि आफ्रिकी. उणी बाजू: वय ६९, आणि सहारापलीकडच्या काही देशांना इजिप्त 'खरी आफ्रिका' वाटत नव्हता. २१ नोव्हेंबरला ११ मतं मिळून निवड झाली. अमेरिका त्यांच्यासाठी उत्सुक नव्हती, पण आडवीही आली नाही.

एक खुंटी इथेच ठोकली गेली. त्या वेळी त्यांनी आपण एकच कार्यकाळ करणार असं सांगितलं होतं. १९९६ ला वॉशिंग्टनने हेच वाक्य काढून दाखवलं.

चतुर_चिमणी

वाचतेय. 'अजेंडा फॉर पीस' या घालींच्या अहवालाबद्दल कुणी लिहा ना. नाव सगळे घेतात, आत काय आहे ते कुणी सांगत नाही.

टिपणवही

३१ जानेवारी १९९२ ला सुरक्षा परिषद पहिल्यांदाच राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर भरली. भारत तेव्हा परिषदेत होता, त्यामुळे नरसिंह राव हजर होते. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ते आपल्या रामटेकचे खासदार. परिषदेने नव्या सरचिटणीसांना सांगितलं, शांतता राखण्याचं काम नीट कसं करायचं ते १ जुलैपर्यंत लिहून द्या. घालींनी जूनमध्येच दिलं.

चार शब्द त्यात वेगळे केलेत. प्रतिबंधक राजनय: भांडण पेटायच्या आत. शांतता घडवणं: पेटलेल्यांना टेबलावर आणणं, सनदेच्या सहाव्या प्रकरणातले उपाय. शांतता राखणं: तह झाल्यावर निळ्या टोप्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक, मध्ये उभ्या करणं. आणि शांतता उभारणं: सुरुंग काढणं, निवडणुका, पोलीस, निर्वासित परत आणणं. हा चौथा शब्द आज इतका रुळलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

वादग्रस्त भाग दोन. एक, ४३ व्या कलमाखाली देशांनी कायमस्वरूपी फौजा परिषदेच्या हाती द्याव्यात. हे कलम १९४५ पासून आहे, त्याखाली एकही करार झालेला नाही. दोन, युद्धबंदी मोडली जात असेल तर ती लावायला जड शस्त्रांची 'शांतता लादणारी पथकं'. मोठ्या देशांनी वाहवा केली आणि हात खिशात ठेवले. प्रादेशिक संघटनांना काम वाटून द्यायचा भाग, म्हणजे आठवं प्रकरण, थेट १९४९ च्या प्रबंधातून आलेला दिसतो.

जानेवारी १९९५ ला त्यांनी पुरवणी काढली. माझ्या मते मूळ दस्तऐवजापेक्षा पुरवणी जास्त मोलाची, कारण त्यात चुका कबूल केल्यात. शांतता राखणं आणि लादणं एकाच पथकाकडून, एकाच वेळी होत नाही, असं सोमालिया आणि बोस्नियाचं नाव घेऊन सांगितलंय.

आकडेमोड

त्याच पुरवणीतले आकडे. ३१ जानेवारी १९९२ ला मैदानात लष्करी माणसं ११,४९५. १६ डिसेंबर १९९४ ला ७३,३९३. शांतिसेनेचा वार्षिक खर्च १६९ कोटी डॉलरवरून ३६१ कोटींवर. तीन वर्षांत.

पैसा येतो कसा? दोन वेगळी खाती. नियमित अंदाजपत्रकात अमेरिकेचा वाटा तेव्हा २५ टक्के. शांतिसेनेचा हिशेब वेगळा, त्यात स्थायी सदस्यांवर चढा दर, अमेरिकेवर ३० टक्क्यांच्या वर. अमेरिकी काँग्रेसने परस्पर ठरवलं की ऑक्टोबर १९९५ पासून शांतिसेनेलाही २५ टक्केच. उरलेलं थकबाकीत. १९९६ ला संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने अमेरिकेकडे एक अब्ज डॉलरच्या वर येणं होतं.

मग पगार कसे भागायचे? शांतिसेनेच्या खात्यातून उसने काढून. आणि शांतिसेनेच्या खात्यातले पैसे असतात फौजा देणाऱ्या देशांच्या भरपाईचे, तेव्हाचा दर माणशी महिना ९८८ डॉलर. थोडक्यात, श्रीमंत देशाने थकवलं की त्याची झळ भारत, पाकिस्तान, बांगलादेश यांच्या भरपाईला. हे तिढ्याचं गणित एकदा डोक्यात बसलं की 'घालींना कारभार जमला नाही' हा आरोप वेगळा दिसतो. आल्या आल्या त्यांनी वरची डझनभराहून जास्त पदं उडवली होती, शांतिसेनेसाठी स्वतंत्र विभाग केला. नोकरशाही हाताळायची ती चोरपावलांनी आणि मग एकदम घाव घालून, असं ते स्वतःच म्हणाले होते. इमारतीत त्यांच्यावर प्रेम करणारे फार नव्हते, हेही मान्य.

मोडीवाचक

पैसा, कागद सगळं ठीक. रवांडाचं काय? आठ लाख माणसं मारली गेली आणि सरचिटणीस कागद लिहीत होते, असं म्हणायचं का?

कलम९७

तारखा लावू.

११ जानेवारी १९९४: रवांडाची राजधानी किगालीहून तिथल्या शांतिसेनेचे कमांडर जनरल डॅलेअर यांचा फॅक्स, शस्त्रांचे साठे आणि कत्तलीची तयारी. तो शांतिसेना विभागाकडे गेला, प्रमुख कोफी अन्नान. उत्तर गेलं: छापे घालू नका, तुमच्या अधिकारात बसत नाही. ६ एप्रिलला रवांडाच्या अध्यक्षांचं विमान पाडलं, ७ ला बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले, बेल्जियमने फौज काढली. २० एप्रिलला घालींच्या अहवालात तीन पर्याय: मोठी कुमक, फौज २७० माणसांवर आणणं, पूर्ण माघार. २१ ला ठराव ९१२: २७०. २९ एप्रिलला घालींचं पत्र, निर्णय फिरवा, जबरी कारवाईचा विचार करा. १७ मे, ठराव ९१८: ५,५०० माणसं. राखीव फौज ठेवायचं वचन १९ देशांनी दिलं होतं. त्यातल्या एकानेही होकार दिला नाही. हे पुरवणीत लिहिलेलं आहे.

आता त्यांच्या विरुद्धचं. पहिला, तिन्ही पर्याय मांडून मोकळं होणं ही प्राध्यापकाची सवय. सरचिटणीसाने "पहिलाच पर्याय" असं २० तारखेला ठणकावायला हवं होतं. दुसरा, त्या एप्रिलमध्ये ते युरोप दौऱ्यावर होते आणि दौरा तोडून परतले नाहीत. १९९९ च्या चौकशी अहवालाने हे नोंदवलं आहे. तिसरा सगळ्यात कडू: १९९० ला रवांडा सरकारला इजिप्तची शस्त्रं विकली गेली, त्या व्यवहाराला वाट करून देण्यात राज्यमंत्री घालींचा हात होता, आणि ते त्यांनी पुढे नाकारलं नाही.

मोडीवाचक

हे शेवटचं माहीत नव्हतं. म्हणजे मूळ धाग्यातलं "फक्त कागद होता" हे जरा सैल होतं.

नाईलकाठ

मान्य. सैल होतं. तो सौदाही सही-शिक्क्याचाच हे म्हणून मी सुटू पाहणार नाही.

रेवदंडा

बोस्नियात उलटं झालं, तिथे त्यांनी आधी सांगितलं आणि ऐकलं नाही. जून १९९३, ठराव ८३६, सहा 'सुरक्षित क्षेत्रं'. सेनापतींचा हिशेब: धाक बसवायला ३४,००० जादा माणसं. परिषदेने मंजूर केली ७,६०० ची 'हलकी' सोय. त्यातलंच स्रेब्रेनित्सा जुलै १९९५ ला सर्बांच्या हाती पडलं.

हवाई हल्ल्याला दोन किल्ल्या होत्या, एक नाटोची, एक संयुक्त राष्ट्रांची. दोन्ही फिरल्याशिवाय बॉम्ब पडणार नाही. जमिनीवर पसरलेले हलके शांतिसैनिक ओलीस धरले जायचे, म्हणून संयुक्त राष्ट्रांची किल्ली फिरायची नाही, म्हणून सर्बांचा धाक वाढायचा. २६ जुलै १९९५ ला घालींनी ती किल्ली मुलकी प्रतिनिधीकडून काढून लष्करी कमांडरला दिली. उशीर झाला होता.

आणि तोंडाने घात केला तो वेगळाच. ३१ डिसेंबर १९९२, वेढ्यातलं सारायेव्हो, तिथे जाऊन म्हणाले, तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतल्या दहा जागा मी दाखवू शकतो. सोमालियाकडे बघता आकड्यांनी खरंही असेल. गोठलेल्या, उपाशी शहरात हे बोलायचं नसतं.

अवांतर: या फौजेचे पहिले कमांडर लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे.

टिपणवही

आता मूळ धाग्यातला 'तो' अहवाल. १८ एप्रिल १९९६, दक्षिण लेबनॉन, काना गाव. संयुक्त राष्ट्रांच्या फिजी बटालियनच्या तळात शेकडो गावकरी आसऱ्याला होते. इस्रायली तोफगोळे तळावर पडले, शंभराहून जास्त लोक मेले. घालींनी आपले लष्करी सल्लागार, डच जनरल फ्रँक व्हॅन कॅपेन यांना पाठवलं. त्यांनी गोळ्यांच्या खुणा मोजल्या, ते कसे पसरले आणि कुठल्या जातीचे होते ते पाहिलं, आणि लिहिलं की ही निव्वळ तांत्रिक चूक असण्याची शक्यता कमी. अहवाल दाबा किंवा मवाळ करा असा दबाव होता. घालींनी मे महिन्यात तो जसाच्या तसा प्रसिद्ध केला. १९ जूनच्या सुमारास अमेरिकेने जाहीर केलं, दुसरा कार्यकाळ नाही.

काना हे एकमेव कारण नव्हे, हे स्पष्ट म्हणतो. निवडणुकीचं वर्ष होतं, रिपब्लिकन उमेदवार बॉब डोल भाषणात 'बूऽऽत्रोस बूऽऽत्रोस' असं हेल काढून टाळ्या मिळवत होते. सोमालियात १९९३ च्या ऑक्टोबरात मेलेले १८ अमेरिकी सैनिक अमेरिकेच्याच हुकुमाखाली होते, पण खापर संयुक्त राष्ट्रांवर फुटलं होतं. संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी राजदूत मॅडलिन ऑल्ब्राइट आणि व्हाइट हाऊसमधली मंडळी यांनी घालींना हटवायच्या मोहिमेला आपापसात 'ऑपरेशन ओरिएंट एक्स्प्रेस' नाव दिलं होतं. त्यांनी देऊ केलेली एका वर्षाची मुदतवाढ घालींनी नाकारली. जुलैत याउंडेच्या आफ्रिकी शिखर परिषदेने त्यांना पाठिंबा दिला. आणि मग १४ विरुद्ध १. ब्रिटननेही बाजूनेच मत दिलं होतं.

चतुर_चिमणी

मग चौदा जण अडून का नाही बसले?

कलम९७

अडून बसले तर १ जानेवारीला खुर्ची रिकामी. आणि आफ्रिकी देशांना भीती, घाली नाहीत तर 'आफ्रिकेची पाळी'च जायची. ४ डिसेंबरला घालींनी उमेदवारी 'स्थगित' केली. मागे घेतली नाही, स्थगित केली, शब्द बघा. लगेच चार आफ्रिकी नावं आली. चाचपणीत अन्नान यांना फ्रान्सचा एकट्याचा नकार, आयव्हरी कोस्टच्या अमारा एसी यांना अमेरिका आणि ब्रिटनचा. काही फेऱ्यांनी फ्रान्स नमला, १३ डिसेंबरला अन्नान.

पद्धत अजून तीच आहे. २०१६ पासून उमेदवारांची नावं जाहीर होतात, आमसभेपुढे उघड मुलाखती होतात, एवढा बदल. चिठ्ठ्या आत, नकार आत.

आकडेमोड

पुढचं थोडक्यात. १९९७ च्या हनोई परिषदेत फ्रँकोफोनीचे, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या संघटनेचे, पहिले सरचिटणीस, २००२ अखेरपर्यंत. फ्रान्सने आपलं देणं फेडलं म्हणा. मग मुबारक यांनी काढलेल्या राष्ट्रीय मानवी हक्क परिषदेचे अध्यक्ष. तिचे अहवाल मवाळ होते, हे इजिप्तमधले हक्कवाले तेव्हाही म्हणायचे. १६ फेब्रुवारी २०१६ ला गेले, वय ९३. सुरक्षा परिषद बसलेलीच होती, सदस्यांनी उभं राहून मौन पाळलं.

सदाफुली

नावाचं कुणी सांगेल? दोनदा बुत्रोस का, आणि 'घाली' की 'गाली'?

मोडीवाचक

बुत्रोस म्हणजे पीटर. आजोबा बुत्रोस घाली. त्यांचं पूर्ण नाव आडनाव म्हणून चाललं आणि नातवाचं स्वतःचं नावही तेच ठेवलं. आडनावातलं पहिलं अक्षर अरबी 'ग़ैन', ग़ालिबमधलं. त्यामुळे उच्चार 'ग़ाली'च्या जवळ. मराठी वर्तमानपत्रांनी 'घाली' केलं, 'गाली' छापणं बरं दिसलं नसतं म्हणून की काय. अर्थ: प्रिय, किंवा महागडा.

आजोबांची कबर कैरोच्या अब्बासिया भागातल्या चर्चमध्ये आहे. घराण्यानेच ते कबरीवर बांधलं, लोक त्याला 'बुत्रोसिया' म्हणतात. नातवालाही तिथेच पुरलं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला, रविवारच्या प्रार्थनेत, त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला. पंचविसाहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुली.

नाईलकाठ

मोडीवाचक, धन्यवाद. मूळ धाग्यात "होता तो कागद" याच्यापुढे रवांडाच्या शस्त्रसौद्याची ओळ जोडायला संपादकांना सांगतो.